गोळी न झाडणारा सैनिक आणि स्पेनचं मौन

इतिहासाच्या व्याख्यानमालेत आज आपण एक कादंबरी घेऊन बसलो आहोत. काहींना ते जरा वावगं वाटेल. पण ही कादंबरी एका जुन्या गुन्ह्याच्या तपासाची आहे, आणि तपास करणारा पत्रकार स्वतःच मनाने मोडलेला आहे. असा माणूस जेव्हा भूतकाळ उकरायला बसतो तेव्हा त्याच्या हाती काय लागतं आणि काय निसटतं, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. रहस्य काय ते आम्ही सांगून टाकणार आहोत. ज्यांना आधी पुस्तक वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं, आमची हरकत नाही.

पुस्तकाचं नाव ‘सोल्दादोस दे सालामिना’, म्हणजे ‘सालामिसचे सैनिक’. लेखक हाविएर सेर्कास. २००१ साली ते स्पेनमध्ये प्रसिद्ध झालं आणि बघता बघता देशभर वाचलं गेलं. २००३ मध्ये त्यावर सिनेमाही आला. गंमत अशी की कादंबरीतल्या पत्रकाराचं नावही हाविएर सेर्कासच आहे. पहिल्याच पानावर तो आपली अवस्था सांगून मोकळा होतो. वडील वारले आहेत, बायको सोडून गेली आहे आणि लेखक व्हायचं स्वप्न त्याने गुंडाळून ठेवलं आहे. काही दिवस टीव्हीसमोरच्या खुर्चीत काढल्यावर तो निमूटपणे वर्तमानपत्रातल्या जुन्या नोकरीवर परततो. तिथे मुलाखती घेताना त्याच्या कानावर एक हकिगत पडते. सांगणारे असतात नामवंत लेखक राफाएल सांचेस फेर्लोसिओ, आणि हकिगत असते त्यांच्या वडिलांची.

ती हकिगत समजून घ्यायची तर आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. जुलै १९३६ मध्ये स्पेनच्या लोकनियुक्त प्रजासत्ताक सरकारविरुद्ध सैन्यातल्या एका गटाने बंड केलं. त्यातून जे यादवी युद्ध पेटलं ते १ एप्रिल १९३९ पर्यंत चाललं. बंडखोरांचा नेता झाला जनरल फ्रँको. त्याच्या बाजूला फालांखे नावाचा फॅसिस्ट पक्ष होता. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक म्हणजे फेर्लोसिओंचे वडील, राफाएल सांचेस मासास. हा माणूस कवी होता, लेखक होता, आणि हे लक्षात ठेवा, तोही पत्रकार होता. १९२० च्या दशकात माद्रिदच्या ‘आबेसे’ या वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून तो रोममध्ये राहिला. मुसोलिनीची सत्ता त्याने तिथे जवळून पाहिली आणि तिने तो भारावून गेला. फालांखेच्या घोषणा, भाषणं, गाणी यांत त्याच्या लेखणीचा मोठा वाटा होता. तरुणांना मरायला आणि मारायला उद्युक्त करणारे शब्द त्याने घडवले. स्वतः मात्र तो लढणाऱ्यांतला नव्हता.

युद्धात तो प्रजासत्ताकाच्या हाती लागला. जानेवारी १९३९ च्या अखेरीस बार्सेलोना पडलं आणि प्रजासत्ताकाचं पराभूत सैन्य फ्रान्सच्या सरहद्दीकडे हटू लागलं. त्या धामधुमीत, ३० जानेवारीला, जिरोना प्रांतातल्या कोल्येल इथल्या धर्मस्थळात, ज्याचा तेव्हा तुरुंग केला होता, सुमारे पन्नास कैद्यांना बाहेर काढलं गेलं. त्यांना रानातल्या एका मोकळ्या जागी उभं करून गोळ्या घातल्या. सांचेस मासास मात्र त्या गोंधळात झाडीत पळाला आणि चिखलातल्या एका खळग्यात लपला. शोध सुरू झाला. एक तरुण सैनिक खळग्याच्या काठावर आला. दोघांची नजरानजर झाली. मागून कुणीतरी ओरडून विचारलं, तिथे कुणी आहे का? सैनिक त्याच्याकडे बघत राहिला, इथे कुणी नाही असं सांगितलं, आणि वळून निघून गेला.

झालं. एवढीच ती हकिगत. सांचेस मासासचा चष्मा हरवला होता, त्याला धड दिसतही नव्हतं. पुढचे काही दिवस तो रानात भटकला. प्रजासत्ताकाच्याच सैन्यातून पळालेल्या तीन कॅटलन तरुणांनी त्याला सोबत केली. फ्रँकोचं सैन्य आलं आणि तो वाचला. ऑगस्ट १९३९ मध्ये फ्रँकोने त्याला बिनखात्याचं मंत्रिपद दिलं. ते फार टिकलं नाही. पुढे तो घरात पुस्तकं वाचत बसला आणि १९६६ मध्ये वारला.

आता आपल्या पत्रकाराकडे येऊ. १९९९ साली कवी आंतोनिओ माचादो यांच्या मृत्यूला साठ वर्षं झाली. त्याच पराभूत लोंढ्याबरोबर माचादो म्हाताऱ्या आईला घेऊन सरहद्द ओलांडून गेले होते. २२ फेब्रुवारी १९३९ ला फ्रान्समधल्या कोलिउर गावी ते वारले आणि तीन दिवसांनी आईही गेली. त्यांचा भाऊ मानुएल, तोही कवीच, पण फ्रँकोच्या बाजूला. पत्रकाराने या निमित्ताने लेख लिहिला आणि त्यात माचादोंच्या मरणाशेजारी सांचेस मासासचं वाचणं मांडलं. एक गेला, एक राहिला, तेही एकाच सरहद्दीजवळ, एकाच महिन्याच्या अंतराने. लेखावर वाचकांची पत्रं आली, त्यातून धागे मिळत गेले आणि तपास सुरू झाला.

या तपासाची रीत बघण्यासारखी आहे. तो म्हाताऱ्या साक्षीदारांना भेटतो. रानात सोबत करणाऱ्या तिघांपैकी हयात असलेल्यांना आणि एकाच्या मुलाला गाठतो. सांचेस मासासने त्या दिवसांत लिहिलेल्या छोट्या वहीचं पान त्याला मिळतं. कोल्येलमधून वाचलेला दुसरा माणूस, हेसूस पास्क्वाल आगिलार, याने १९८१ मध्ये छापलेलं पुस्तक तो धुंडाळतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने करावं तेच सगळं तो करतो. आणि तरीही पुस्तक जमत नाही. लिहून झालेलं बाड वाचताना त्याला कळतं की यंत्र तर पूर्ण आहे, पण एक भाग नसल्यामुळे ते चालत नाही. तो भाग म्हणजे तो सैनिक. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. त्याने गोळी का झाडली नाही?

इथे त्याला मदत मिळते ती चिलीहून स्पेनमध्ये येऊन राहिलेल्या रोबेर्तो बोलान्यो या लेखकाकडून. बोलान्यो खराखुरा, प्रसिद्ध लेखक, पण इथे कादंबरीतलं पात्र म्हणून येतो. पूर्वी तो कास्तेल्देफेल्सजवळच्या एका तंबूतळावर पहारेकरी होता. तिथे दर उन्हाळ्यात मिरायेस नावाचा एक म्हातारा यायचा, असं तो सांगतो. मिरायेस प्रजासत्ताकाकडून लढला. हरल्यावर फ्रान्सला गेला, तिथे पुन्हा सैन्यात शिरला, आफ्रिकेच्या वाळवंटापासून युरोपपर्यंत नाझींशी लढला. पत्रकाराच्या डोक्यात दिवा पेटतो: हाच तो सैनिक! तो फोनवर फोन करत फ्रान्समधले वृद्धाश्रम पालथे घालतो आणि अखेर दिजों शहरातल्या एका वृद्धाश्रमात मिरायेस सापडतो. थेट प्रश्न विचारल्यावर म्हातारा नाही म्हणतो. तो ‘नाही’ खरा की खोटा, हे लेखक आपल्यावर सोपवतो. मिरायेसला त्या गोळी न झाडणाऱ्या सैनिकापेक्षा स्वतःचे मेलेले मित्र जास्त आठवतात. ते विशीच्या आत-बाहेर मेले, त्यांच्या नावाने एकही गल्ली नाही, एकही चौक नाही, आणि आपण गेलो की त्यांना आठवणारं कुणी उरणार नाही, हे त्याचं दुःख आहे. पत्रकार आगगाडीने परतताना ठरवतो की हे पुस्तक आपण लिहायचं.

वाचताना डोळ्यांत पाणी येतं, हे आम्ही मान्य करतो. पण आपण इतिहासाचे विद्यार्थी. तेव्हा डोळे पुसून पुन्हा पहिल्या पानावर जाऊ आणि नीट तपासू.

पहिली गोष्ट, पत्रकार सेर्कास म्हणजे लेखक सेर्कास नव्हे. लेखक सेर्कास जिरोनाच्या विद्यापीठात साहित्य शिकवत होता, आणि पुस्तक आलं तेव्हा त्याचे वडील चांगले हयात होते. म्हणजे खऱ्याखुऱ्या कागदपत्रांवर उभ्या असलेल्या या कथेत मुळात तपास करणाऱ्याचंच दुःख रचलेलं आहे. ते का रचलं असेल? कारण ज्याचे वडील गेलेत अशाच माणसाला एक म्हातारा सैनिक शोधायची इतकी तहान लागू शकते. त्याला गुन्हेगार नको आहे, त्याला बाप हवा आहे. मिरायेसच्या रूपाने त्याला तो मिळतो.

दुसरी गोष्ट त्यातूनच निघते, आणि आजच्या व्याख्यानात आम्हाला मुख्यतः तीच सांगायची आहे. शोध घेणाऱ्याची जखम त्याचा प्रश्न निवडते. कोल्येलच्या रानात सुमारे पन्नास माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. बहुतेक सगळे मेले. गुन्हा तो होता. पण आपला पत्रकार ‘कुणी मारलं, कुणाच्या हुकमाने, मेलेले कोण होते’ हे प्रश्न फार लांबवर नेत नाही. तो विचारतो, एकाने एकाला का सोडलं? मोडलेल्या माणसाला दयेचा पुरावा हवा होता, म्हणून त्याने दयेचा तपास केला. यात खोटेपणा नाही, पण निवड आहे. आणि कुठल्याही तपासात ही निवड ओळखता आली पाहिजे.

तिसरी गोष्ट पुराव्याची. मिरायेस खरा होता का, हा प्रश्न प्रत्येक वाचक विचारतो. कादंबरीतला बोलान्योच पत्रकाराला सांगतो की खरा मिरायेस सापडला नाही तर रचून टाक. आपण तेवढ्यावर थांबू आणि एवढंच म्हणू की त्या खळग्याच्या काठावर उभा असलेला सैनिक मिरायेस होता असं सांगणारा एकही कागद कादंबरी पुढे करत नाही. खुद्द त्या सैनिकाची हकिगतसुद्धा एकाच साक्षीदाराकडून येते, तो म्हणजे सांचेस मासास. शब्दांवर पोट भरणारा आणि स्वतःच्या सुटकेची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारा माणूस.

कागद नाही म्हणजे माणूस नव्हता, असंही नाही बरं का. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हे रा. स्व. संघाच्या सुरुवातीच्या काळातले एक पदाधिकारी. पत्रकारिता शिकायला ते लंडनला गेले आणि तिथून स्पेनला जाऊन प्रजासत्ताकाच्या बाजूने आंतरराष्ट्रीय तुकडीत लढले. १९३८ मध्ये ते पकडले गेले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या इथल्या छावणीत राहिले. सुटून आल्यावर ते कम्युनिस्ट चळवळीत गेले. तुकडीत त्यांनी घेतलेलं नाव होतं जॉन स्मिथ! नुसती यादी चाळणाऱ्याला त्यात नागपूरकर कसा दिसणार? दुसरीकडच्या कागदांशी ताडून पाहिल्यावरच जॉन स्मिथ म्हणजे हुद्दार हे उभं राहतं. म्हणजे रिकाम्या जागी शोध थांबवायचा नसतो. पण ती जागा आपल्याला हव्या त्या माणसाने भरायचीही नसते.

आता कादंबरी जरा बाजूला ठेवू. हे पुस्तक २००१ मध्ये इतकं का गाजलं? यादवी युद्धात आघाडीपासून दूर, पाठीमागच्या मुलखात, दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे दोन लाख माणसं मारली गेली, असा इतिहासकार पॉल प्रेस्टन यांचा अंदाज आहे. त्यांत फ्रँकोच्या बाजूने मारलेल्यांची संख्या कितीतरी मोठी. युद्ध संपल्यावर आणखी हजारोंना गोळ्या घातल्या. जिंकलेल्यांनी आपल्या मृतांची व्यवस्था लावली. १९४० मध्ये ‘काउसा खेनेराल’ ही सरकारी चौकशी सुरू झाली, प्रजासत्ताकाच्या मुलखात झालेले गुन्हे नोंदवले गेले, चर्चच्या भिंतींवर नावं कोरली गेली. हरलेल्यांचे मृत मात्र रस्त्याकडेच्या चरांमध्ये राहिले, आणि त्यांच्या बायकापोरांनी त्यांचं नावही दबक्या आवाजात घ्यायचं, असं जवळजवळ चाळीस वर्षं चाललं.

२० नोव्हेंबर १९७५ ला फ्रँको मेला. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या लोकनियुक्त संसदेने माफीचा कायदा केला. इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो टाळूया. ही माफी फक्त उजव्यांनी लादली असं नाही. फ्रँकोच्या तुरुंगातली आपली माणसं सुटावीत म्हणून डाव्यांनीच तिच्यासाठी मोर्चे काढले होते. पण त्याच कायद्याने फ्रँकोच्या काळात अत्याचार करणारे अधिकारीही सुटले. लष्कराची भीती होती आणि ती उगाच नव्हती. २३ फेब्रुवारी १९८१ ला सशस्त्र शिपाई संसदेत घुसलेच. तेव्हा जुनं उकरायचं नाही असा अलिखित करार झाला. विद्यापीठांत इतिहासकार लिहीत होते, पुस्तकं निघत होती. मौन होतं ते न्यायालयात आणि घरातल्या जेवणाच्या टेबलावर.

आणि आता कादंबरीच्या शेजारी एक खरी हकिगत ठेवून बघा. २००० साली एमिलिओ सिल्वा नावाच्या पत्रकाराने नोकरी सोडली होती, आपल्या कुटुंबाच्या इतिहासावर कादंबरी लिहायची म्हणून! माहिती गोळा करायला तो लेओन प्रांतात, आजोबांच्या मुलखात गेला. आजोबांना ऑक्टोबर १९३६ मध्ये फालांखेच्या लोकांनी मारलं होतं. तिथे त्याला एक म्हातारा भेटला, ज्याला त्या चराची जागा माहीत होती. सिल्वाने कादंबरी बाजूला ठेवली. ऑक्टोबर २००० मध्ये प्रियारांसा देल बिएर्सो गावाजवळ खणलं, तेव्हा तेरा जणांचे अवशेष निघाले. डीएनए चाचणी करून पुढे २००३ मध्ये आजोबांची ओळख पटली. स्पेनमध्ये शास्त्रीय पद्धतीने उकरलेल्या आणि डीएनएने ओळख पटवलेल्या अशा थडग्यांची सुरुवात इथून झाली. २००० च्याच अखेरीस सिल्वाने ऐतिहासिक स्मृती परत मिळवण्यासाठी संघटना काढली आणि देशभरातून लोकांच्या चौकश्या येऊ लागल्या: आमचे आजोबाही असेच कुठेतरी आहेत, शोधायला मदत कराल का?

दोन पत्रकार, काळ तोच, युद्ध तेच. एकाने विचारलं, त्याने का सोडलं? दुसऱ्याने विचारलं, माझे आजोबा कुठे आहेत? पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून त्याची कादंबरी झाली. दुसऱ्याला उत्तर होतं, ते जमिनीखाली होतं, म्हणून कादंबरी राहिली आणि खोदकाम झालं. सेर्कासच्या पुस्तकावर स्पेनमध्ये एक आक्षेप घेतला गेला तो इथेच. फॅसिस्टाला जीवदान देणारा भला सैनिक, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या वाचकांना सोयीची आहे. तिने कुणाचा हिशेब मागितला जात नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण दुसरी बाजूही बघू. चरांमध्ये काय आहे हे ऐकायला जे तयार नव्हते, त्यांनी हे पुस्तक वाचलं, आणि निदान घरातल्या म्हाताऱ्यांना पहिला प्रश्न विचारला. दार ढोसून उघडणारे वेगळे आणि कडी काढून ठेवणारे वेगळे. इतिहासाला दोघेही लागतात, फक्त एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर मांडू नये.

पुढचा प्रवास थोडक्यात. डिसेंबर २००७ मध्ये ‘ऐतिहासिक स्मृती’चा कायदा झाला. २००८ मध्ये न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांनी या प्रकरणात चौकशी हाती घेतली तेव्हा त्यांच्या आदेशात बेपत्ता केलेल्यांचा आकडा होता १,१४,२२६. माफीचा कायदा आड आला. उलट गार्सोन यांच्यावरच या चौकशीबद्दल खटला चालला. त्यात ते २०१२ मध्ये निर्दोष सुटले, पण दुसऱ्या एका प्रकरणात दोषी ठरून न्यायासनावरून गेले. २४ ऑक्टोबर २०१९ ला फ्रँकोचे अवशेष त्याने स्वतः बांधवून घेतलेल्या भव्य स्मारकातून हलवले. २०२२ मध्ये नवा, अधिक कडक कायदा आला आणि बेपत्तांचा शोध ही सरकारची जबाबदारी ठरली. म्हणजे सिल्वाच्या पहिल्या खोदकामानंतर बावीस वर्षांनी.

आणि सेर्कास? त्याची वाटचाल आम्हाला त्या कादंबरीइतकीच महत्त्वाची वाटते. २००५ मध्ये एक मोठं प्रकरण झालं. एन्रिक मार्को नावाचा गृहस्थ, नाझी छावणीतून वाचलेला म्हणून वर्षानुवर्षं भाषणं देणारा, खोटा निघाला. बेनितो बेर्मेहो या इतिहासकाराने कागद तपासून ते उघड केलं. सेर्कासने त्याच्यावर २०१४ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि त्यात स्वतःलाही सोडलं नाही. आपल्याला हवा तसा नायक लोकांसमोर उभा करायचा, हे मार्कोने केलं. आपण कादंबरीकार याहून वेगळं काय करतो, असा तो प्रश्न आहे.

मग २०१७ मध्ये तो अखेर घरी पोचला. सेर्कास मूळचा इबाएर्नांदो या एस्त्रेमादुरातल्या छोट्या गावचा. त्याच्या आईचा चुलता मानुएल मेना फालांखेमध्ये होता, फ्रँकोच्या बाजूने लढला आणि १९३८ मध्ये एब्रोच्या लढाईत एकोणिसाव्या वर्षी मेला. आईसाठी तो घरातला वीर होता. सेर्कासला मात्र त्याची लाज वाटायची, आणि ही गोष्ट लिहायचं तो कित्येक वर्षं टाळत आला होता. या पुस्तकात तो म्हणतो की आपली माणसं चुकीच्या बाजूला होती हे समजून घेणं म्हणजे त्यांचं समर्थन करणं नव्हे.

आता क्रम बघा. आधी त्याने परक्या घरातला फॅसिस्ट आणि रचलेला बाप यांची गोष्ट सांगितली. स्वतःच्या आईच्या भिंतीवरचा फोटो उतरवून बघायला त्याला आणखी सोळा वर्षं लागली. आम्ही हे त्याला दोष देण्यासाठी सांगत नाही. बहुतेकांचं असंच होतं. जुना गुन्हा उकरायला आपण उत्साहाने बसतो, जोपर्यंत तो दुसऱ्याच्या अंगणातला असतो.

आपल्यापैकी अनेक जण स्थानिक इतिहासावर काम करतात, गावच्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतात, असं आम्हाला पत्रांतून कळतं. त्यांच्यासाठी एवढंच. पुढच्या मुलाखतीला बसण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर आपला प्रश्न लिहा आणि त्याखाली, हा प्रश्न मीच का विचारतोय, हेही लिहा. मग ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारणार नाही आहात त्यांचीही नावं लिहून ठेवा. कोल्येलच्या रानात मेलेल्यांची नावं आपण आजच्या तासाभरात एकदाही घेतली नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

प्रश्न असतील तर आता घेऊ.